शर्ट इतकेच, त्यापुढे एकही नाही: कापडाच्या कोट्याची गोष्ट

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क आधी 25 आणि मग 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हा तिरुपूरच्या बनियन कारखान्यांपासून सुरतेच्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांची झोप उडाली. पुढे ते आकडे बदलत राहिले, वाटाघाटी झाल्या, बातम्याही थंडावल्या. त्याच दिवसांत बेळगावातल्या आमच्या वडगावात एका माग असलेल्या ओळखीच्या काकांनी मला थांबवून विचारलं, "सर, आमची साडी काय अमेरिकेला जात न्हाई. मग ह्या टॅरिफचं आम्हाला काय? आणि तो कोटा कोटा म्हणत होते पूर्वी, तो हाच काय?"

तो हा नव्हे. पण प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवणारा आहे. आज वर्तमानपत्रात दिसतं ते शुल्क. त्याआधी तब्बल चार दशकं जगातला कापडाचा धंदा शुल्कापेक्षा कोट्याने बांधलेला होता, आणि आज ढाक्यात इतके शर्ट का शिवले जातात नि बेळगावात का नाही, याचं निम्मं उत्तर त्या कोट्यात आहे.

शुल्क एक, कोटा दुसरा

शुल्क म्हणजे वेशीवरची वसुली. पाचशे रुपयांचा शर्ट अमेरिकेच्या बंदरात उतरला, 50 टक्के शुल्क असेल तर अडीचशे रुपये तिथल्या सरकारी तिजोरीत गेले. माल महाग होतो, पण पैसे भरायची तयारी असेल तर हवे तेवढे शर्ट आत नेता येतात.

कोटा म्हणजे संख्येची मर्यादा. या वर्षी या देशातून या प्रकारचे इतकेच शर्ट. तुम्ही शुल्क भरायला तयार असा, स्वस्त द्या, फुकट द्या, ठरलेल्या आकड्याच्या वर एक शर्टही आत जाणार नाही. आकडा भरला की मागून आलेला माल बंदरात पडून राहायचा, नव्या वर्षाचं खातं उघडेपर्यंत.

ऐकायला हा फरक फार मोठा वाटत नाही. पण पैसा कुणाकडे जातो ते पाहा. शर्टांची टंचाई झाली की तिथल्या दुकानात भाव चढतो. पाचशेचा शर्ट सहाशेला विकला जातो. हे वरचे शंभर रुपये शुल्कासारखे सरकारकडे जात नाहीत. शिवणाऱ्या बाईकडे तर नाहीच नाही. ते जातात ज्याच्या हातात 'माल पाठवायला परवानगी' असा कागद आहे त्याच्याकडे.

कागदाचा भाव

रिक्षाच्या परमिटचं उदाहरण घ्या. समजा एखाद्या शहरात परमिटं मोजकीच आहेत आणि नवी मिळत नाहीत. प्रवासी वाढले, भाडं वाढलं, तरी नव्या माणसाला रिक्षा घेऊन रस्त्यावर येता येत नाही. तो काय करतो? ज्याच्या नावावर जुनं परमिट आहे त्याला रोजचं भाडं देऊन गाडी चालवतो. परमिटवाला घरी बसून खातो. चालवणारा उन्हात.

भारतात कपड्यांच्या कोट्याचं नेमकं हेच झालं. तयार कपड्यांचा कोटा वाटण्याचं काम एईपीसी, म्हणजे तयार कपड्यांच्या निर्यातदारांची सरकारमान्य परिषद, बघायची. सुती धाग्याचं, कापडाचं आणि चादरी-टॉवेलचं काम टेक्सप्रोसिल ही तशीच दुसरी परिषद बघायची. वाटपाचा मोठा हिस्सा 'आधी ज्याने जितकी निर्यात केली त्याला त्या प्रमाणात' या हिशेबाने व्हायचा. थोडा हिस्सा 'आधी येईल त्याला आधी', थोडा नव्याने यंत्रं घालणाऱ्यांना. जुन्या निर्यातदाराला आपला कोटा दुसऱ्याला देता यायचा, आणि त्याचा रीतसर भाव ठरलेला असायचा, नगामागे इतके रुपये. दिल्ली-मुंबईत त्याचे दलाल होते. हंगामात भाव चढायचा, वर्षअखेरीला कोटा वाया जाणार असं दिसलं की उतरायचा. शिवणयंत्र नसलेला पण जुना कोटा असलेला 'निर्यातदार' ही त्या काळातली एक खरीखुरी जात होती.

अमेरिकेने प्रत्येक कपड्याला क्रमांक दिलेला होता. 340 म्हणजे पुरुषांचे नि मुलांचे मागावर विणलेल्या सुती कापडाचे शर्ट, 341 म्हणजे बायकांचे ब्लाऊज, 347 आणि 348 म्हणजे सुती पँटी. निर्यातीच्या बिलावर त्या क्रमांकाचा शिक्का लागायचा, त्याला व्हिसाच म्हणत. माणसाला लागतो तसा शर्टालाही व्हिसा. शिक्क्यातला क्रमांक किंवा नगसंख्या चुकली तर कंटेनर तिकडच्या बंदरात अडकलाच म्हणून समजा.

आता या नियमाखाली बेळगावच्या एखाद्या होतकरू तरुणाची कल्पना करा. उद्यमबागेत शेड घेतली, शिवणयंत्रं घातली, कारागीर मिळवले, परदेशी गिऱ्हाईकही मिळालं. पण 'मागची निर्यात' या रकान्यात त्याच्या नावापुढे शून्य. मग कोटा विकत घ्यायचा, म्हणजे नफा आधीच दुसऱ्याच्या खिशात. धंदा करणाऱ्याची जिद्द मोडायला एवढं पुरेसं आहे. कोट्याने परदेशाने आपल्याला अडवलं हे आपण नेहमी सांगतो. आपल्याच जुन्यांनी आपल्याच नव्यांना अडवलं, हे सांगायला मात्र आपल्या जिवावर येतं.

हे सुरू कुणी केलं?

हिंदुस्थानी कापडाची भीती काही नवी नाही. इंग्लंडने 1721 मध्ये कायदा करून छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आणली होती, कारण आपल्याकडच्या छिटांनी त्यांच्या लोकरवाल्यांचा बाजार खाल्ला होता. नंतर त्यांच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि उलट्या दिशेने काय झालं ते आपण शाळेत शिकलो आहोत.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचं कापड अमेरिकेत धडाधड उतरू लागलं. 1957 मध्ये जपानने 'आम्ही स्वतःहूनच कमी पाठवतो' असा पाच वर्षांचा करार केला. स्वतःहून म्हणजे काय, ते जाणकारांनी ओळखावं. 1959 च्या सुमारास लँकेशायरच्या गिरण्यांसाठी ब्रिटनने हाँगकाँग, भारत आणि पाकिस्तान यांच्याकडून असाच संयम वदवून घेतला. अमेरिकेत केनेडींनी कापड गिरण्यांच्या दक्षिणी राज्यांना निवडणुकीत शब्द दिला होता. तो पाळण्यासाठी 1961 मध्ये सुती कापडाचा एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. 'तात्पुरता' होता. 1962 मध्ये त्याचा दीर्घ मुदतीचा करार झाला, तो 1973 पर्यंत चालला.

हे करार सुती मालापुरतेच होते. त्यामुळे आशियातल्या कारखानदारांनी पॉलिस्टर आणि मिश्र धाग्याकडे मोर्चा वळवला. मग 1 जानेवारी 1974 पासून 'मल्टी फायबर अरेंजमेंट' आली, म्हणजे सूत, लोकर आणि कृत्रिम धागा या सगळ्यांना एकाच दावणीला बांधणारी व्यवस्था. कोटा वर्षाला साधारण 6 टक्क्यांनी वाढेल असं त्यात लिहिलं होतं, प्रत्यक्षात दोन देशांमधल्या करारात ही वाढ अनेकदा त्याहून कमी धरली जायची. 1986 मध्ये तिच्या कक्षेत रेशीम मिश्र आणि इतर वनस्पतीजन्य धागेही ओढले गेले. जिथून पाणी झिरपेल तिथे बोळा.

मौज अशी की जागतिक व्यापाराचा मूळ नियम नेमका उलट होता: संख्येची मर्यादा घालू नका, आणि देशादेशांत भेद करू नका. कापडासाठी हे दोन्ही नियम मोडले गेले, तेही लेखी करार करून. आणि श्रीमंत देश सहसा एकमेकांवर कोटा लावत नव्हते. इटलीचा सूट अमेरिकेत मोकळा जात होता, मद्रासचा शर्ट मोजून.

"मग बांगलादेश कसा वर आला? तो तर आपल्यापेक्षा गरीब"

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण कोट्याची खरी करामत इथे कळते.

कोटा देशावर असतो, कारखानदारावर नाही. दक्षिण कोरियाचा कोटा भरला, तर कोरियातला कारखानदार ज्या देशावर अजून कोटा नाही असा देश शोधू लागतो. 1970 च्या दशकाअखेर कोरियाच्या देवू कंपनीने बांगलादेशात नुरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याच्या 'देश गार्मेंट्स'शी हातमिळवणी केली. सुमारे 130 बांगलादेशी तरुण-तरुणींना बुसानला नेऊन कापणी, शिलाई, तपासणी, पॅकिंग, मालाची कागदपत्रं असं सगळं शिकवलं. ती माणसं परत आली आणि पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या बऱ्याच जणांनी दुसरीकडे जाऊन किंवा स्वतःचे कारखाने काढून तेच काम पसरवलं. 1985 मध्ये अमेरिकेने बांगलादेशावरही कोटा लावला, पण तोवर हात बसले होते.

म्हणजे कोट्याने श्रीमंत देशांत येणारे कपडे फारसे थांबले नाहीत, ते कुठे शिवले जावेत याचा नकाशा तेवढा विस्कटला. भारतातलेच काही निर्यातदार 1980 च्या दशकात कोटा चुकवायला काठमांडूला गेले आणि नेपाळात शिवणकामाचा धंदा उभा राहिला. कापूस नाही, समुद्र नाही, बंदर कोलकात्याचं, तरी नेपाळ अमेरिकेला शर्ट पाठवत होता. मालदीवमध्येसुद्धा शिवणयंत्रं लागली. कोटा गेल्यावर हे दोन्ही ठिकाणचे डाव मोडले ते त्यामुळेच. बांगलादेशाचा नाही मोडला, कारण तोपर्यंत तिथे कारागीर, मुकादम, बँका आणि गिऱ्हाइकांची ओळख असं सगळं जमलेलं होतं. शिवाय 2001 पासून युरोपने अतिगरीब देशांच्या मालाला शुल्क माफ केलं. आपल्या कपड्यांना युरोपात सवलत धरूनही साधारण 9.6 टक्के शुल्क पडायचं, त्यांना शून्य. दोनशे रुपयांच्या टी-शर्टवर एकोणीस रुपयांचा फरक म्हणजे या धंद्यात सगळा नफाच.

हातमागाला मुभा होती

ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असते. 1974 च्या त्या करारातच एक कलम होतं: हातमागावर विणलेलं कापड, त्यापासून कुटीरोद्योगात हाताने बनवलेल्या वस्तू आणि पारंपरिक लोककलेचे कपडे कोट्यात धरायचे नाहीत, अट एवढीच की तसं प्रमाणपत्र हवं. भारतासारख्या देशांनी भांडून ते घालून घेतलं.

मग सुळेभावीसारख्या आपल्या हातमागाच्या गावांना याचा फायदा का झाला नाही? एक तर आपल्या भागातलं हातमागाचं काम मुख्यतः साडीचं, आणि साडीला बाहेर गिऱ्हाईक ते किती. दुसरं म्हणजे यंत्रमाग. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत हातमाग जाऊन यंत्रमाग आले ते घरोघरच्या परिस्थितीने. घराला लागून पत्र्याची शेड, त्यात दोन-चार माग, बायको-मुलं कांड्या भरायला, सूत व्यापाऱ्याचं, साडीही व्यापाऱ्याची, आपली फक्त मजुरी. ज्या क्षणी मागाला मोटर लागली त्या क्षणी त्या सवलतीच्या कलमातून तो बाहेर पडला. पोटाचा हिशेब करणाऱ्याला जिनिव्हातल्या करारातलं कलम कोण वाचून दाखवणार होतं!

दहा वर्षांचा निरोप

1986 ते 1994 चाललेल्या जागतिक व्यापार वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीत विकसनशील देशांनी सेवा आणि पेटंट या विषयांत बरंच सोसलं, आणि त्या बदल्यात जे पदरात पडलं त्यातली मोठी गोष्ट म्हणजे कोटा संपवण्याचं वचन. 1 जानेवारी 1995 ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि त्याच दिवसापासून दहा वर्षांची उलटी मोजणी.

ठरलं असं: 1995 मध्ये 16 टक्के माल कोटामुक्त, 1998 मध्ये आणखी 17, 2002 मध्ये 18, आणि उरलेला 49 टक्के एकदम 1 जानेवारी 2005 ला. टक्केवारी 1990 च्या आयातीची. कोणता माल आधी मोकळा करायचा हे मात्र आयात करणाऱ्या देशाने ठरवायचं. आता तुम्हीच सांगा, ठरवणारा कोण आणि अडचण कुणाची? पहिल्या टप्प्यांत ज्यांच्यावर मुळात कोटाच नव्हता असल्याच वस्तूंनी यादी भरली गेली. शर्ट-पँट शेवटच्या दिवसापर्यंत मागे ठेवले. कराराचं अक्षर पाळलं गेलं, बाकी काही नाही.

या काळात भारत गप्प बसला नव्हता हे नोंदवायला हवं. लोकरी शर्ट-ब्लाऊजवर अमेरिकेने नव्याने मर्यादा घातली, भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि 1997 मध्ये जिंकला. युरोपशी जकातसंघ केला म्हणून तुर्कस्तानने भारतीय कापडावर कोटा लावला, तेही प्रकरण 1999 मध्ये भारताच्या बाजूने लागलं. अशा निकालांच्या बातम्या आपल्याकडे आतल्या पानावर येतात.

2005 उजाडलं आणि चीनचा माल युरोपच्या बंदरांत इतक्या वेगाने येऊ लागला की त्याच वर्षी जूनमध्ये युरोपने चीनशी नव्या मर्यादांचा करार केला. ऑर्डरी आधीच दिलेल्या होत्या. ऑगस्टपर्यंत कोट्यवधी स्वेटर, पँटी आणि अंतर्वस्त्रं युरोपच्या गोदामांत अडकून पडली, आणि ओरड केली ती युरोपातल्याच दुकानदारांनी. चीनवरचे असे खास निर्बंध युरोपात 2007 पर्यंत आणि अमेरिकेत 2008 पर्यंत राहिले.

"पण त्यांच्या कामगारांना वाचवायला नको?"

हा आक्षेप हसून टाळण्यासारखा नाही. कापडाचं काम गेलं की गावच्या गाव बसतं, हे मुंबईच्या गिरणगावात गेलेली कोकणातली आणि घाटावरची घरं चांगली जाणतात. आपल्या भागातलीही माणसं होती तिथे.

पण कोट्याने ते वाचले का? लँकेशायरच्या गिरण्या कोटा असतानाही बंद पडत गेल्या. अमेरिकेतही कोट्याच्या छायेत यंत्रं वाढली आणि माणसं कमी झाली. स्वीडनने तर 1991 मध्ये सगळे कोटे स्वतःहून काढून टाकले होते. 1995 मध्ये युरोपीय संघात शिरताना त्याला ते पुन्हा लावावे लागले, म्हणजे ज्याला नको होतं त्याच्याही गळ्यात. आणि महागाईचा भार पडला कुणावर? कोटा नग मोजतो, किंमत नाही. म्हणून ज्याच्याकडे शंभर नगांचाच कागद आहे तो त्यात स्वस्त बनियन कशाला पाठवेल? तो महागडा शर्ट पाठवतो. स्वस्त कपडे आधी गायब होतात, आणि ते घेणारे त्या देशातले गरीब असतात.

"कोटा तर 2005 मध्ये गेला. मग आपण का नाही मोठे झालो?"

काही प्रमाणात झालो. 2005 नंतर भारताची कपड्यांची निर्यात वाढली, बेंगळुरूच्या गार्मेंट कारखान्यांत उत्तर कर्नाटकातल्या मुली मोठ्या संख्येने गेल्या. पण जितकं अपेक्षित होतं तितकं नाही, आणि याचा दोष परक्यांवर टाकता येत नाही. आपण तयार कपड्यांचा उद्योग लघुउद्योगांसाठी राखीव ठेवला होता. मागावरच्या कापडाच्या कपड्यांवरचं हे आरक्षण 2000 च्या वस्त्र धोरणानंतर उठलं, होजिअरीवरचं, म्हणजे बनियन-टी-शर्टांसारख्या मालावरचं, 2005 मध्ये. म्हणजे शर्यत सुरू झाली त्या दिवशी आम्ही बुटाची नाडी बांधत होतो. मोठा परदेशी दुकानदार दहा ठिकाणी दहा-दहा हजार नग मागत नाही, एका छपराखाली लाख मागतो.

"आमच्या साडीचा काय संबंध, ते सांगा"

येतो. साडी परदेशी जात नाही, पण सूत जातं.

2010 मध्ये जगात कापसाचे भाव भडकले. देशातलं सूत बाहेर जाऊ लागलं आणि इथल्या मागवाल्याला ते परवडेना. सरकारने 2010-11 साठी कापसाची निर्यात 55 लाख गाठींवर आणि सुती धाग्याची 72 कोटी किलोवर बांधली. म्हणजे कोटाच, फक्त दार आतून लावलेलं. इचलकरंजीचे खर्चीवाले, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणणारे, ज्यांची मजुरी 'पिका'वर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर ठरते, त्यांना हायसं वाटलं. सीमेअलीकडच्या, बेळगाव जिल्ह्यातल्या बोरगाव-माणकापूर पट्ट्यातल्या मागांचंही तेच, कारण सीमेवरची चौकी राज्याची असते, सुताचा भाव एकच असतो. सूतगिरण्या मात्र रडकुंडीला आल्या, गोदामात धागा साठला आणि पुढच्या उन्हाळ्यात भाव कोसळले. सौंदत्ती-बैलहोंगलच्या काळ्या रानातल्या कापूसवाल्याने तर सरळ विचारलं असतं, माझ्या चढ्या भावावर मर्यादा घालणारे तुम्ही कोण?

एकाच जिल्ह्यात तिघे, आणि एकाच आदेशाने तिघांची तीन तोंडं. काकांना मी हेच सांगितलं. कापूस आणि सूत यांच्यावरचा प्रत्येक निर्णय तुमच्या मागावरच्या बीमपर्यंत पोचतो. कृत्रिम धाग्याच्या साडीलाही तो चुकत नाही, कारण सुती महाग झालं की गिऱ्हाईक पॉलिस्टरकडे वळतं. अमेरिकी शुल्काने तिरुपूरचा माल तुंबला, तर तोच माल देशात स्वस्तात येतो आणि बेळगावच्या खडेबाजारात दुकानदार तुमच्याकडच्या मालाचा भाव पाडून मागतो. त्यावर ते म्हणाले, "म्हंजे मार कुठं का पडेना, वळ आमच्याच पाठीवर." मला खोडून काढता आलं नाही.

"आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे?"

नाहीच. परदेशी कपडे आणि इतर ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर भारताने एप्रिल 2001 पर्यंत संख्येची बंधनं ठेवली होती. श्रीलंकेशी 2000 मध्ये अमलात आलेल्या मुक्त व्यापार करारात कपड्यांना सवलत दिली ती वर्षाला 80 लाख नगांपुरती, आणि त्यातल्या 60 लाखांसाठी कापड भारतीय हवं अशी अट होती. बांगलादेशालाही आधी नगांची मर्यादा होती. 2011 मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा 46 प्रकारचा माल शुल्कमुक्त झाला, आणि आपल्याकडच्या यंत्रमागवाल्यांनी नि शिवणवाल्यांनी बोंब मारली.

मे 2025 मध्ये भारताने बांगलादेशी तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांतून घेणं बंद केलं. फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोन बंदरं. यात ना शुल्क आहे ना कोटा, पण ट्रकने काही दिवसांत येणारा माल जहाजाने फिरून यायला लागला की वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात, आणि आकडा न लिहिता आयात आवळली जाते. गणपत गल्लीतल्या दुकानात शर्टाची कॉलर उलटून लेबल बघायची सवय असेल, तर 'मेड इन बांगलादेश' पूर्वीइतकं सापडतं का ते पाहा. पुढचा बदल वेळापत्रकात लिहिलेला आहे: नोव्हेंबर 2026 मध्ये बांगलादेश अतिगरीब देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे आणि त्यानंतर युरोपातली त्याची शुल्कमाफी आणखी तीन वर्षं चालायची आहे. तेवढ्या अवधीत ऑर्डरींची फेरवाटणी सुरू होईल, आणि त्या वेळी कागद कुणाच्या हातात आहे यापेक्षा लाख नग वेळेत देणारी शेड कुणाकडे आहे हे विचारलं जाईल.